नवलेखकाचा पहिला वैचारिक ग्रंथ आणि त्याचा प्रसार : १८८२ मधील दोन पुस्तकांच्या आधारे

चंडीगढमधील सेक्टर २२ हा त्या नियोजित नगराच्या अगदी आरंभी वसलेल्या विभागांपैकी एक होय. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या वास्तुकार दांपत्याचा हात येथील रचनेला लागलेला आहे. किरण चित्रपटगृह, शास्त्री मार्केट ही नावे चंडीगढमध्ये कोणालाही विचारावीत. या विभागात हिंदी व पंजाबी पुस्तके सहज मिळतात; मराठी पुस्तक विकत मिळेल असे दुकान मात्र प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले नाही. याच विभागात राहणारे, केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ आहेत. पंजाबातील संत नामदेवांच्या खुणा या विषयावर त्यांनी सुमारे दोनशे पानांचे हस्तलिखित सिद्ध केले आहे. हे त्यांचे पहिलेच पुस्तक. एका प्रकाशकाने ते छापण्याची तयारी दाखविली, पण तीनशे प्रती लेखकानेच विकत घ्याव्यात अशी अट घातली. त्यावर त्यांनी प्रस्तुत लेखकास विचारलेला प्रश्न असा होता : “छापून देणारे पुष्कळ भेटतात हो; पण त्या तीनशे प्रती घेऊन मी जाऊ कोणाच्या दारी?”

हा प्रश्न वरवर व्यवहाराचा वाटतो आणि म्हणूनच वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. ग्रंथ चांगला असेल तर तो आपोआप वाचला जाईल, हे गृहीतक आपल्या वाङ्मयेतिहासात खोलवर मुरलेले आहे. ते कितपत खरे आहे, हे तपासण्यासाठी मराठीच्या इतिहासातच एक विलक्षण जोडी उपलब्ध आहे. १८८२ या एकाच वर्षी, पुण्यातच, दोन स्त्रियांची पहिली गद्य पुस्तके प्रसिद्ध झाली : ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि पंडिता रमाबाई यांचे ‘स्त्रीधर्मनीति’. दोन्ही स्त्रियांविषयी, दोन्ही वैचारिक, दोन्ही लेखिका ग्रंथकार म्हणून नव्या. एका पुस्तकाच्या उत्पन्नाने लेखिकेच्या विलायतेच्या प्रवासाला हातभार लावला. दुसरे जवळजवळ नव्वद वर्षे विस्मृतीत गेले.

या दोन पुस्तकांकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कथा-कादंबरी हाती घेणारा वाचक नव्या लेखकाच्या बाबतीत थोडा धोका पत्करतो. दोन-चार पाने चाळून भाषा रुचली तर पुढे जातो. वैचारिक, चरित्रात्मक वा माहितीपर ग्रंथाचे तसे नसते. तेथे वाचक पुस्तक उघडण्याआधीच दोन गोष्टी विचारतो. हा विषय माझा आहे काय, आणि हे सांगणारा कोण? प्रस्थापित लेखकाच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याचे नावच देते. नवलेखकाचे उत्तर पुस्तकाच्या आत असते. पण पुस्तक तर अद्याप मिटलेलेच आहे! म्हणजे त्याची ओळख पुस्तकाच्या आधी, पुस्तकाच्या बाहेर, अन्य कोणत्या तरी वाटेने वाचकापर्यंत जावी लागते. जाहिरात ही त्या वाटेची जागा घेऊ शकत नाही. पुस्तक निघाले आहे इतकेच ती सांगते. लेखकावर विश्वास का ठेवावा हे ती सांगत नाही, आणि सांगू लागली तर कोणी ऐकत नाही.

ताराबाई शिंदे वऱ्हाडातील बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीस होते व सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. पुस्तकाचे निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याचे. विधवेने आपले मूल मारल्याच्या या प्रकरणात १८८१ मध्ये प्रथम फाशीची शिक्षा झाली व नंतर ती काळ्या पाण्यावर आली. त्या वेळी ‘पुणेवैभव’ या वृत्तपत्राने समस्त स्त्रीजातीवर जी दूषणे ठेवली, त्यांनी ताराबाई संतापल्या आणि लेखणी हाती घेतली. पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. सगळ्या प्रती पूर्ण किमतीला खपल्या असत्या तरी हाती आले असते ते २८१ रुपये ४ आणे. आणि त्यातून छपाई, टपाल, विक्रेत्याची सवलत वजा करावयाची.

आता या पुस्तकाला वाट कोणती होती ते पाहू. लेखिका बुलढाण्यात, छापखाना पुण्यात. तिने यापूर्वी कोठे व्याख्यान दिल्याचे, नियतकालिकात लिहिल्याचे दिसत नाही. आरंभीच ती स्वतःचा उल्लेख घराच्या चौकटीत कोंडलेली, विद्येचा संस्कार नसलेली स्त्री असा करते आणि हा आपला पहिलाच प्रयत्न असल्याचे सांगते. ही नम्रता औपचारिक असेलही. पण ‘सांगणारा कोण’ या प्रश्नाला ते उत्तर नव्हते. शिवाय ज्या वृत्तपत्रीय जगातून अभिप्राय यायचे, त्याच जगावर या पुस्तकाने आसूड ओढला होता. समाजसुधारक म्हणविणारेही त्यातून सुटले नव्हते. अभिप्राय आले ते हेटाळणीचे. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, एवढाच काय तो मोठा आधार, आणि तोही पुस्तक निघून तीन वर्षे झाल्यावर. ताराबाईंनी पुन्हा काही प्रसिद्ध केल्याचे ज्ञात नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी हे पुस्तक संपादून पुन्हा उजेडात आणले, तेव्हा मराठी वाचकाला ते जणू नव्यानेच मिळाले. ते वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते, म्हणजे विषय ‘आपला’ म्हणणारा वाचकवर्ग तोवर तयार झाला होता. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅन्लन यांचे इंग्रजी भाषांतर आले आणि आज हे पुस्तक देशोदेशीच्या अभ्यासक्रमांत आहे. ग्रंथाचा मजकूर १८८२ मध्ये जो होता तोच १९७५ मध्येही होता. बदलल्या त्या वाटा.

पंडिता रमाबाईंची गोष्ट उलटी आहे. त्या १८८२ च्या उन्हाळ्याच्या सुमारास पुण्यात आल्या तेव्हा त्यांच्यापाशी पैसा नव्हता. पती बिपिनबिहारी मेधावी यांचे त्याच वर्षी फेब्रुवारीत निधन झाले होते. कडेवर लहान मुलगी होती. महाराष्ट्रात त्या वाढलेल्या नव्हत्या. एका अर्थाने ताराबाईंपेक्षाही त्या येथे परक्या होत्या. पण त्यांचे नाव त्यांच्या आधी येऊन पोहोचले होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांच्या संस्कृत पांडित्याची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्याची वार्ता महाराष्ट्रातील सुशिक्षितांना ठाऊक होती. पुण्यात त्यांच्याभोवती न्यायमूर्ती रानडे, भांडारकर प्रभृती प्रार्थनासमाजीय मंडळी होती. त्यांची पुराणे-व्याख्याने घरोघर होत, स्त्रिया त्यांना जमत आणि काही घरांत त्यावरून वादही होत, हे सारे रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत फार जिवंतपणे नोंदविले आहे. त्याच वर्षी आर्य महिला समाजाची स्थापना झाली आणि त्याच्या शाखांच्या निमित्ताने पंडिता रमाबाई गावोगाव फिरल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ जून १८८२ मध्ये आले ते या प्रवाहाच्या मध्यावर. सप्टेंबरात हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली आणि नाव आणखी दूरवर गेले. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याने पुस्तकाच्या प्रती एकगठ्ठा घेतल्या. एप्रिल १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्या प्रवासखर्चात या पहिल्या पुस्तकाच्या उत्पन्नाचा वाटा होता.

निव्वळ ग्रंथगुणांचा विचार केला तर प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे अधिक तेजस्वी पुस्तक आहे. त्यातील भाषा बोलीच्या अंगाने जाते, चिडते, टोमणे मारते, वाचकाला उभे करून जाब विचारते. ‘स्त्रीधर्मनीति’ उपदेशपर आहे, संस्कृतप्रचुर आहे आणि रमाबाईंच्याच पुढील लेखनाच्या तुलनेत बरेच सोवळे आहे. अर्थात, येथे घाईने निष्कर्ष काढता कामा नये. सौम्य उपदेशाला शिक्षणखात्याचे दार उघडते आणि जळजळीत टीकेला उघडत नाही, हेही या फरकाचे एक कारण आहे. जातीचे, संस्कृत विद्येच्या प्रतिष्ठेचे आणि पुणे-वऱ्हाड या अंतराचे वजन त्यात आहेच. प्रसाराच्या वाटा सर्वांना सारख्या खुल्या नसतात. म्हणूनच, ज्याला त्या जन्माने वा पदाने मिळालेल्या नाहीत त्याने त्यांचा विचार अधिक करावयास हवा.

रमाबाईंना हा धडा किती नेमका उमगला होता, हे त्यांच्या १८८७ च्या इंग्रजी पुस्तकावरून कळते. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक तेथेच सिद्ध होऊन प्रसिद्ध झाले. अमेरिकन वाचकाला या बाईवर विश्वास ठेवण्याचे काय कारण? त्यांनी प्रस्तावना घेतली ती रेचल बॉडली यांची. ज्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई शिकल्या त्याच्या त्या अधिष्ठाता, म्हणजे अमेरिकन वाचकाच्या परिचयाचे व आदराचे नाव. पुस्तक अकाली निवर्तलेल्या आनंदीबाईंच्या स्मृतीशी जोडले गेले. त्या नावाविषयी तेथे आधीच जिव्हाळा होता. आणि नंतर रमाबाई गावोगाव बोलत गेल्या. श्रोता व्याख्यान ऐके, बाहेर येऊन पुस्तक घेई, घरी वाचून शेजारणीला देई. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिच्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. येथे पुस्तकाची विक्री हे साध्य नव्हते; एका कार्याकडे वाचकाला आणण्याचे ते साधन होते. वाचकालाही ते कळत असे, आणि म्हणून त्या विक्रीत विक्रेपणा वाटत नसे.

या मार्गाला एक धोकाही आहे, तो सांगितला पाहिजे. जो विश्वास व्यक्तीवर उभा असतो तो व्यक्तीबरोबरच ढळतो. १८८३ मध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर पुण्यातील अनेक दारे त्यांना बंद झाली. ‘स्त्रीधर्मनीति’ तेच राहिले. ते हातोहाती नेणारे हात उरले नाहीत. गंमत अशी की या धर्मांतराच्या वादात रमाबाईंची बाजू घेणारे जोतीरावच, आणि तेही ‘सत्सार’च्याच पहिल्या अंकात.

जोतीरावांचा उल्लेख आलाच आहे, तर ‘शेतकऱ्याचा असूड’विषयी दोन शब्द. १८८३ मध्ये लिहिलेल्या या ग्रंथाचे दोनच भाग ‘दीनबंधु’ने छापले व पुढे हात आखडता घेतला. तेव्हा जोतीरावांनी छापखान्याची वाट पाहिली नाही. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी तो लोकांना वाचून दाखविला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांतील बहुतेकांना वाचताच येत नव्हते, तेव्हा ग्रंथ त्यांच्या कानांपर्यंत नेणे हाच खरा प्रसार होता. जोतीराव त्या वेळी नवलेखक नव्हते. पण नवलेखकांनी त्यांच्याकडून घ्यावी अशी ही गोष्ट आहे. हस्तलिखित असतानाच ते श्रोत्यांपुढे गेले की कोठे माणसे सावरून बसतात, कोठे जांभई देतात, हे कळते; आणि पुस्तक छापून येते तेव्हा त्याची वाट पाहणारी पंचवीस-पन्नास माणसे असतात.

विसाव्या शतकात या वैयक्तिक खटपटीला संस्थेचे रूप देण्याचा सर्वांत लक्षणीय मराठी प्रयत्न म्हणजे ‘ग्रंथाली’ वाचक चळवळ. आणीबाणीच्या आगेमागे, १९७० च्या दशकाच्या मध्यास, दिनकर गांगल व त्यांच्या मित्रमंडळींनी ती उभी केली. तिची कल्पना साधी होती : आधी वाचक जोडावयाचा, मग त्याच्या आगाऊ वर्गणीवर पुस्तक काढावयाचे आणि ते त्याला सवलतीत द्यावयाचे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) असेच वाचकांकडे गेले. पवार कवी म्हणून परिचित होते, पण आत्मकथन हे त्यांचे पहिलेच. लक्ष्मण माने तर पूर्णतः नवे. कैकाडी समाजातील हा तरुण लिहितो काय आणि ‘उपरा’ (१९८०) प्रसिद्ध होताच पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळतो काय! हे यश अर्थातच त्या पुस्तकाच्या सत्याचे आहे. परंतु ताराबाईंच्या पुस्तकातही सत्य होतेच. मान्यांच्या पुस्तकाला पहिल्या दिवशी सभासद-वाचक तयार होता. त्याने ते विषयासाठी नव्हे, तर ज्या मंडळींनी पाठविले त्यांच्यावरील भरवशाने उघडले. ‘सांगणारा कोण’ या प्रश्नाचे उत्तर येथे संस्थेने दिले.

शासनाच्या वाटाही आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देते. राज्य वाङ्मय पुरस्कारांत ‘प्रथम प्रकाशन’ असा स्वतंत्र गट आहे. त्यातील ललितगद्याचा पुरस्कार ताराबाई शिंदे यांच्या नावे दिला जातो. ज्यांचे पहिले पुस्तक शेवटचेही ठरले, त्यांच्या नावे नवलेखकांचा गौरव व्हावा! हे नामकरण करणाऱ्यांनी तो अर्थ मनात धरला होता की नाही कोण जाणे; पण ते नाव फार नेमक्या जागी पडले आहे. मात्र अनुदानाने पुस्तक छापले जाते, पुरस्कार ते छापून झाल्यावर मिळतो. मधली वाट चालण्याचे काम लेखकाकडेच राहते. घरबसल्या पुस्तक मागविण्याची सोय आता सर्वत्र झाली आहे, म्हणजे चंडीगढहून चंद्रपूरला प्रत पोहोचविणे अवघड नाही. अवघड आहे ते चंद्रपूरच्या वाचकाला ती मागवावीशी वाटणे.

आता सेक्टर २२ कडे परत येऊ. तेथील गृहस्थांची अडचण ही ताराबाईंचीच अडचण आहे. लेखक एकीकडे, भाषेचा वाचक दुसरीकडे. ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन एप्रिल २०१५ मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली नामदेवांच्या घुमानलाच भरले होते. २०१४ मध्ये घुमानची निवड जाहीर झाली, तेव्हा तेथे मराठी पुस्तके घेणार कोण, असे म्हणून प्रकाशकांच्या संघटनेने जाण्यास विरोध केला होता, हे अनेकांना आठवत असेल. व्यापाराच्या दृष्टीने ते म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु वैचारिक ग्रंथाला भाषेच्या वाचकाखेरीज विषयाचाही एक वाचक असतो, हे त्या वादात बाजूला राहिले. रमाबाईंना अमेरिकेत जो भेटला तो विषयाचा वाचक होता. नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. सेक्टर २२ मधील या गृहस्थांच्या शेजारघरी ती ऐकली जातात, गायिली जातात. त्या शेजाऱ्याला मराठी येत नाही, पण भगत नामदेवांच्या गावाकडचा माणूस काय सांगतो हे ऐकण्याची उत्सुकता त्याला असणारच. आणि चंडीगढच्या शिखांनी ज्याचे निरूपण ऐकून दाद दिली, त्या लेखकाला पंढरपूरच्या वारकऱ्यापुढे आपली ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

प्रस्तुत लेखकाने त्यांना तीन गोष्टी सुचविल्या. तीनशे प्रतींच्या करारावर तूर्त सही करू नये. हस्तलिखितातील घुमानवरील प्रकरण स्वतंत्र लेख म्हणून महाराष्ट्रातील एखाद्या संतसाहित्यविषयक नियतकालिकाकडे पाठवावे. आणि त्याच प्रकरणाचे हिंदीत निरूपण आपल्याच विभागात, जमतील तेवढ्या माणसांपुढे करावे. पहिल्या दोन गोष्टी त्यांना लगेच पटल्या. तिसरीवर ते म्हणाले, “मी जन्मभर कचेरीत टिपणे लिहिली. लोकांपुढे कधी उभा राहिलो नाही.” तरीही एका रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत अकरा माणसे जमली. मराठी बोलणारे त्यांत दोघेच होते. निरूपण चाळीस मिनिटे चालले. शेवटी एका वृद्ध शीख गृहस्थांनी घुमानच्या एका जागेविषयीचा तपशील दुरुस्त केला आणि आपण स्वतः येऊन ती जागा दाखवितो असे सांगितले. हस्तलिखिताचे ते पान आता पुन्हा लिहिले जात आहे.